विशेषणं टाचलेले कपडे

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, ते माझ्याकडे आले आणि दारात चपला काढता काढता म्हणाले, "वर्बोस."

"काय?"

"वर्बोस. पाल्हाळिक. आमचे वकीलसाहेब. कोटाला दोन बटणं हवीत की तीन, एवढं सांगायला माणसानं पाऊण तास घेतला. माझी तेवढ्यात एक पॅन्ट कापून झाली."

मी परीक्षेचे पेपर तपासत होते. मी कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकवते. माझ्या विद्यार्थ्यांना साहित्याबद्दल जेवढं प्रेम आहे तेवढंच त्यांच्या पेपरांबद्दल मला आहे. मी मान वर केली ती बाबांचा शब्द ऐकून नव्हे, त्यांच्या गळ्यातली टेप बघून. दुकानापासून माझ्या घरापर्यंत वीस मिनिटांचा रस्ता ते माप घ्यायची टेप गळ्यात घालून चालत आले होते.

"बाबा, टेप."

"राहिली होय," म्हणून त्यांनी ती काढून खिशात घातली. दर वेळी राहायची. दर वेळी मी सांगायची.

चार महिन्यांपासून बाबा इंग्रजी शब्द जमवत होते. वय एकाहत्तर. त्यातली अठ्ठेचाळीस वर्षं शिवणाच्या मशीनवर गेलेली. त्यांच्या दुकानाशेजारी औषधाचं दुकान आहे आणि त्याच्या माडीवर एक क्लास. क्लासच्या पाटीवर लिहिलेलं आहे, 'अ‍ॅडव्हान्स्ड इंग्रजी शब्दसंपदा. नव्वद दिवसांत तीन हजार शब्द.' क्लास चालवणाऱ्या सरांनी स्वतःला शब्दसम्राट अशी पदवी देऊन घेतली आहे. ती देण्याच्या समारंभाला देणारे आणि घेणारे दोन्ही तेच असावेत.

बाबांचं इंग्रजी 'स्लीव्ह', 'कॉलर' आणि 'अर्जंट' यांच्या पुढे कधी गेलं नव्हतं. त्यांनी सरांना विचारलं होतं, आधी साधं इंग्रजी शिकू का. सर म्हणाले, पाया भरत बसलात तर इमारत कधी बांधणार. म्हणून बाबांनी थेट चौथा मजला बांधायला घेतला. त्यांना 'मॅग्नॅनिमस' म्हणता यायचं, पण स्टेशनचा रस्ता विचारता आला नसता.

हे खूळ कुठून आलं ते मला माहीत होतं. त्याच्या आदल्या महिन्यात माझ्या घरी कॉलेजची मंडळी जेवायला होती. बाबा न सांगता आले. त्यांनी माझा एक झगा आल्टर करून आणला होता. त्यांना बसवून घेण्यावाचून इलाज नव्हता. आमच्या विभागप्रमुखांनी विचारलं, आपण काय करता. बाबा तोंड उघडणार तेवढ्यात मी इंग्रजीत म्हणाले, ते गार्मेंट्सच्या क्षेत्रात आहेत. विभागप्रमुख म्हणाले, वा, एक्स्पोर्ट का? मी पाण्याचा जग आणायला आत गेले. बाबा दीड तास हातात ताट घेऊन बसले होते. जाताना म्हणाले, "छान माणसं आहेत तुझी. मला फक्त 'मीठ द्या' तेवढं कळलं." पुढच्या सोमवारी त्यांनी क्लासला नाव घातलं.

शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी 'धंदा' लिहायची. कॉलेजात 'व्यापार'. नोकरीत 'वस्त्रव्यवसाय'. माझी शब्दसंपदा बाबांच्या आधीपासून वाढत होती.

त्या शनिवारी बाबा समोरच्या खुर्चीत बसले. "मास्तरीणबाई, एक सांग. आठ दिवसांनी आमचा समारंभ आहे. प्रत्येकानं उठून दोन मिनिटं स्वतःबद्दल बोलायचं. इंग्रजीत. मी स्वतःला काय म्हणू? टेलर, की सर म्हणतात ते, सार्टोरियल एक्स्पर्ट, शिवणकामातला तज्ज्ञ?"

"सर म्हणतात तेच म्हणा."

"तुला टेलर बरं वाटत नाही?"

"मला काय वाटायचंय? क्लास अ‍ॅडव्हान्स्ड आहे ना? टेलर हा पहिलीच्या पुस्तकातला शब्द झाला."

ते हसले. मी एका पेपरावर चार गुण दिले आणि ते खोडून तीन केले.

"आणि तुमच्या त्या विभागप्रमुखांना पाहुणे म्हणून आणशील का? सर म्हणाले, एखादी पीएचडी असली की फोटोला वजन येतं."

"त्यांना वेळ नसतो, बाबा."

"विचारून तर बघ."

"बघते." बघते म्हणजे नाही, हे आमच्या घरात कुणाला शिकवावं लागत नव्हतं.

ते उठले. पाणी प्यायले, पेला स्वतः विसळून पालथा घातला. "उद्या दुकानात येऊन जा जरा. काम आहे."

"पुढच्या आठवड्यात येते."

"बरं," म्हणाले, आणि जिना उतरताना मला ऐकू येईल एवढ्या आवाजात म्हणाले, "टॅसिटर्न. मितभाषी." तो माझ्यासाठी होता की आणखी कुणासाठी, हे मी विचारलं नाही. पेपर बरेच होते.

रविवारी सकाळी अकराला दुकानातून मावशींचा फोन आला. या मावशी म्हणजे बावीस वर्षं बाबांकडे काजं करणाऱ्या, बटणं लावणाऱ्या बाई. त्या म्हणाल्या, "ताई, मास्तर उठत नाहीत." मी पोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. मशीनवर एका पॅन्टचा पाय तसाच होता. अशा वेळी माणूस भलतीकडेच बघतं. मी शिलाईकडे बघितलं. सरळ होती.

नंतरचे आठ दिवस माणसं येत राहिली आणि मोठे शब्द बोलत राहिली. दुःख झालेला माणूस फार बोलत नाही हे मी पुस्तकांत वाचलं होतं. न झालेला किती बोलतो हे कुठं लिहिलेलं नव्हतं. शब्दसम्राट सर तर पायरीवरूनच सुरू झाले. अनटाइमली डिमाइज, इर्रेपरेबल लॉस. एकाहत्तराव्या वर्षीचं जाणं कसलं अनटाइमली, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण त्यांच्या कोटाची बाही फाटलेली होती आणि ते तिच्यावर दुसरा हात ठेवून उभे होते. मी मान हलवली.

"समारंभ आम्ही दोन आठवडे पुढे ढकलला आहे," ते म्हणाले. "त्यांच्याऐवजी आपण बोलावं. त्यांची फार इच्छा होती."

"बघते," मी म्हणाले.

नवव्या दिवशी मी दुकान उघडलं. माझा बेत साधा होता. शिवून झालेले कपडे ज्याचे त्याला द्यायचे, न झालेलं कापड परत करायचं, जागा रिकामी करायची. दोन दिवसांचं काम. मावशी आधीच येऊन बसल्या होत्या, सुईत दोरा ओवत.

दांडीवर चौदा कपडे लटकत होते. प्रत्येकाला एक चिठ्ठी टाचलेली. शिंप्याच्या दुकानात कपड्याला चिठ्ठी असतेच. तिच्यावर गिऱ्हाइकाचं नाव असतं, कधी द्यायचं तो वार असतो. मी पहिली चिठ्ठी उलटली. बाबांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं, 'पार्सिमोनियस. बुधवार.'

दुसरी: 'व्होरेशस. शुक्रवार.' तिसरी: 'मेलँकॉलिक. सावकाश चालेल.'

"मावशी, नावं कुठं आहेत?"

"नावं बंद केली मास्तरांनी. क्लासला जायला लागल्यापासून."

सगळा उलगडा झाला तो बाबांच्या टेबलावर पडलेल्या क्लासच्या पुस्तकानं. पहिल्याच पानावर सरांचा फोटो आणि त्याखाली त्यांची सुप्रसिद्ध पद्धत. 'शब्द डोक्यात ठेवू नका. ओळखीच्या माणसाच्या चेहऱ्यावर ठेवा. तो माणूस दिसला की त्याचं नाव घेऊ नका, शब्द घ्या.' चारचौघांनी असला उपदेश वाचून सोडून दिला असता. बाबांनी आयुष्यभर कापडवाल्याच्या सूचना अक्षरशः पाळल्या होत्या, धुवायचं कसं, इस्त्री किती गरम. त्यांनी हीही पाळली. मापाच्या वहीत गेल्या चार महिन्यांत एकाही माणसाचं नाव नव्हतं. छाती बेचाळीस, पोट चव्वेचाळीस, खांदा साडेअठरा, व्होरेशस.

म्हणजे दांडीवर चौदा विशेषणं लटकत होती आणि बाहेर गावभर चौदा माणसं आपले कपडे न्यायला येणार होती. मी पीएचडी आहे. विशेषणांवर मी एकदा तासभर भाषण दिलेलं आहे.

"तुम्हाला माहीत असेल ना कुणाचा कुठला ते?" मी मावशींना विचारलं.

"माझ्याकडे यायचं ते नुसतं काजापुरतं, ताई. डावी बाजू, बाही, कॉलर. मास्तर म्हणायचे, मावशी, ओळखा बघू हा शब्द कोण. मी म्हणायची, मला गिऱ्हाइकं ओळखू येतात, तेवढी पुरेत. तुमचे शब्द तुमच्यापाशी."

तेव्हा असं ठरलं की मी शब्दाचा अर्थ सांगायचा आणि मावशींनी माणूस सांगायचा.

"पार्सिमोनियस. म्हणजे चिक्कू."

"चष्मेवाले," मावशी क्षणभरही थांबल्या नाहीत. "जुन्या पॅन्टची बटणं काढून नव्याला लावा म्हणतात. झिप पण उसवून आणली होती एकदा."

"व्होरेशस. खादाड."

"तसे दोन आहेत. बेकरीवाले आणि गाडी शिकवणारे. वहीत काही लिहिलंय का?"

लिहिलं होतं. 'शिवणीत दीड इंच सोडणे, लागेल.'

"मग बेकरीवाले. गाडी शिकवणाऱ्यांचं पोट जेवढं सुटायचं होतं तेवढं सुटून झालं."

सकाळ बरी गेली. मला वाटलं, शंभरात शंभर. तेवढ्यात वकीलसाहेब आले. मी त्यांना त्यांचा कोट दिला आणि चिठ्ठी काढायला विसरले. त्यांनी ती वाचली. वकील, त्यांना इंग्रजी येणारच.

"वर्बोस," ते म्हणाले. "मी?"

"नाही, ते कापडाचं नाव आहे," मी म्हणाले. पीएचडी झालेल्या बाईच्या तोंडून निघालेलं हे सर्वात दुबळं वाक्य असावं.

वकीलसाहेब खुर्चीत बसले. आपण पाल्हाळिक नाही हे त्यांनी चाळीस मिनिटं सांगितलं. तीन मुद्दे मांडले, त्यातल्या दुसऱ्याचे चार पोटमुद्दे केले. मावशींनी तेवढ्या वेळात सहा काजं केली. शेवटी वकीलसाहेब उठले, कोट अंगात घातला, आरशात बघितला आणि गप्प झाले. पाठ अशी बसली होती की वाद घालायला जागा नव्हती. "शिवलाय मात्र..." एवढंच म्हणाले आणि वाक्य पुरं न करता गेले. असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं असेल.

दुपारी एक उंच माणूस येऊन दारात उभा राहिला. मी विचारलं, कोणता आपला? तो काही बोलला नाही. मी विचारलं, शर्ट की पॅन्ट? त्यानं मान हलवली, कुठल्या प्रश्नाला ते कळलं नाही. मावशींनी माझ्याकडे बघितलं, मी चिठ्ठ्या बघितल्या आणि 'टॅसिटर्न' लिहिलेली पॅन्ट काढून त्याच्या हातात दिली. बरोबर होती. बाबांचा तो जिन्यातला शब्द माझा नव्हता तर. मला थोडं हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची थोडी लाजही वाटली.

चूक झाली ती 'मेलँकॉलिक'पाशी. उदास, खिन्न. हा शब्द मी वीस वर्षं शिकवते. त्याच्या इतिहासावर माझ्या नोट्स आहेत. मी मावशींना विचारलंही नाही. फुलांच्या दुकानाचे मालक आले, बायको जाऊन सहा महिने झालेले, चेहरा तसाच. मी तो राखाडी शर्ट त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी घालून बघितला. बाह्या कोपराच्या जरा खाली संपल्या.

"हा माझा नाही," ते म्हणाले. "माझा निळा आहे. मास्तर म्हणाले होते, निळा घाला आता."

निळ्यावर लिहिलं होतं 'रेझिलियंट'. मोडत नाही असा, पुन्हा उभा राहणारा. मी त्या माणसाला येता-जाता बघत होते आणि मला फक्त त्याचं तोंड पडलेलं दिसत होतं.

"मग राखाडी कुणाचा?" ते गेल्यावर मी विचारलं.

मावशींनी शर्ट हातात घेतला, कॉलर बघितली. "सलूनवाल्यांचा दिसतो."

"ते? ते तर दिवसभर विनोद करतात. रस्त्यापर्यंत हसणं ऐकू येतं."

"दुकान बंद केलं की इथं बाकावर येऊन बसायचे. अर्धा तास. एक शब्द बोलायचे नाहीत. मास्तर पण नाही बोलायचे, मशीन चालवत राहायचे. मग उठून घरी जायचे."

संध्याकाळी सलूनवाले आले, दारातूनच म्हणाले, "काय प्रोफेसरबाई, आता तुम्ही आमची मापं घेणार? मग तर आम्हाला पोट आत घ्यावं लागेल." मावशीसुद्धा हसल्या. त्यांनी शर्ट घातला, बाह्या बरोबर मनगटावर आल्या. त्यानंतर ते बाकावर बसले. मी मशीनवर बसले नाही, मला चालवता येत नाही. नुसती उभी राहिले.

मी घरी जाऊन माझ्या नोट्स काढून बघितल्या नाहीत. पण एक गोष्ट मला तेव्हा समजली आणि ती मला फारशी आवडली नाही. मला जेवढे शब्द येत होते त्यांना चेहरे पुस्तकांतले होते. बाबांना आले त्यांना छाती होती, पोट होतं, एक खांदा किंचित खाली होता. तीन हजारांतले त्यांना जेमतेम चारशे आले असतील. मी त्यांची कीव करत होते.

दुसऱ्या दिवशी शब्दसम्राट सर कोट न्यायला आले. समारंभाला घालायचा होता. दांडीवर आता तीनच कपडे उरले होते: रुंद खांद्यांचा एक काळा कोट, एक जुना तपकिरी कोट आणि एक गडद निळं जाकीट. काळ्यावर लिहिलेलं होतं 'पॉम्पस'. वा, मी मनात म्हणाले, बाबा, शेवटी तुम्हीही. बडेजाव करणारा, फुगलेला. चिठ्ठी आठवणीनं काढून ठेवली आणि कोट सरांपुढे धरला.

त्या कोटात सर हरवले. खांदे दोन्ही बाजूंना लोंबले, बाह्यांतून फक्त बोटांची टोकं दिसत होती. मी इतके दिवस त्यांच्या आवाजाचंच माप धरून बसले होते. माणूस केवढासा होता.

"हा गाडी शिकवणाऱ्यांचा," मावशी खाली मान घालून म्हणाल्या. "सरांचा तपकिरी."

तपकिरी कोट जुना होता, सरांचाच, रोजचा दुसरा. बाबांनी त्याचं अस्तर नवं घातलं होतं, बाहीची कड आत दुमडून पुन्हा शिवली होती, अशी की कुणाला कळू नये. चिठ्ठी मी काढण्याआधीच सरांनी हातात घेतली. वाचली. मग माझ्याकडे दिली. 'इंडिजंट. परिस्थितीनं गांजलेला. बोलू नये.'

मी टाचणी काढून डबीत ठेवली. शब्द माझा धंदा आहे.

सर म्हणाले, "क्रमांक एक हजार एकशे बारा. उच्चार त्यांचा कायम चुकायचा." कोट घातला, बटण लावलं. "अर्थ कधी चुकला नाही."

दारापर्यंत गेले आणि वळले. लगेच पूर्वीसारखे मोठे झाले. "आणि हो, आपल्या विभागप्रमुखांना मी स्वतः जाऊन आमंत्रण दिलं. त्यांनी ग्रेशियसली अ‍ॅक्सेप्ट केलं. आपल्याला त्रास नको म्हणून."

बाबा गेले होते आणि मला भीती वाटत होती ती एका जेवणाच्या वेळी बोललेलं वाक्य उघडं पडण्याची.

सर गेल्यावर मी शेवटच्या जाकिटाकडे वळले. बायकांचं जाकीट. शिवण इतकी बारीक की बघायला उजेडात न्यावं लागलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'सुपरसिलियस. समारंभाआधी.'

"मावशी, ही कोण?"

"अर्थ काय?"

"स्वतःला फार समजणारी. भुवया वर करून बघणारी. दुसऱ्याला कमी लेखणारी."

मावशींनी दोरा दातानं तोडला. "मला काय माहीत, ताई."

"गिऱ्हाइकांत बायका किती आहेत?"

"एकही नाही. मास्तर बायकांचं शिवायचेच नाहीत."

मी जाकीट दांडीवर परत लावलं. मग वही काढली. शेवटच्या लिहिलेल्या पानावर होतं ते. उंची, छाती, कंबर. 'डावा खांदा पाव इंच खाली, पुस्तकांच्या पिशवीनं.' त्याच्याखाली, 'माप अंदाजे. ट्रायलला तिला वेळ नाही.'

"रागावले होते का माझ्यावर?"

"रागावून कुणी असलं अस्तर घालतं का," मावशी म्हणाल्या. "पण कमी लेखता तुम्ही, ते खरं आहे. मला पण लेखता. मी काही मनावर घेत नाही, माझी मुलगी पण तसंच बघते."

मी जाकीट घातलं. खांदे बसले, डावाही. पाठ बसली. बाह्या तेवढ्या अर्धा इंच लांब होत्या. ते ट्रायलला कळलं असतं. मावशी म्हणाल्या, आणा इकडे, आत घेते. मी म्हणाले, राहू दे.

समारंभ माडीवर, क्लासच्याच खोलीत होता. चाळीस खुर्च्या, तीस माणसं, भिंतीवर शब्दांचे तक्ते. टेबलावर बाबांचा फोटो ठेवला होता. पहिल्या रांगेत आमचे विभागप्रमुख, दुसऱ्या रांगेत मावशी, आणि मागं वकीलसाहेब, चष्मेवाले, सलूनवाले, सगळे नव्या कपड्यांत. एवढी विशेषणं मी एका खोलीत कधी पाहिली नव्हती.

क्लासच्या मंडळींनी एकेक करून दोन मिनिटं स्वतःबद्दल सांगितलं. एक निवृत्त हिशेबनीस स्वतःला 'पर्स्पिकेशियस', म्हणजे तीक्ष्ण नजरेचे, म्हणाले. एका आजींनी आपण 'एफर्व्हेसंट', म्हणजे उत्साहानं फसफसणाऱ्या, असल्याचं अतिशय संथपणे जाहीर केलं. विभागप्रमुख माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "काय हा प्रकार आहे, कसं सहन करतेस?" एरवी मी भुवई उचलून त्यांना साथ दिली असती. त्या भुवईवर माझी नोकरीतली निम्मी मैत्री उभी होती.

"ती आजी छान बोलली," मी म्हणाले.

मग सर उठले. तपकिरी कोटात ते खरोखर बरे दिसत होते. त्यांनी बाबांबद्दल बोलायला घेतलं आणि तीन हजारांतला एकही शब्द शिल्लक ठेवायचा नाही असा निश्चय केल्यासारखे बोलत गेले. बाबा हे सार्टोरियल व्हिजनरी होते. टेक्स्टाइल क्षेत्रातले पायोनियर होते. आंत्रप्रन्योर होते. मागून सलूनवाले मोठ्यानं म्हणाले, "कोण, आपले मास्तर?" आणि कुणीतरी त्यांना गप्प केलं.

विभागप्रमुख पुन्हा झुकले. "गार्मेंट्समध्ये होते हे तू सांगितलं होतंस. एवढे मोठे होते हे बोलली नाहीस कधी."

सरांनी माझं नाव पुकारलं. माझ्याबद्दलही दोन शब्द बोलले, म्हणजे अर्थातच अकरा. मी उठले. टेबलापर्यंत आठ पावलं असतील. त्या आठ पावलांत मी ठरवत होते की काय बोलायचं. सोपं होतं तसं. आभार मानायचे, सर म्हणाले त्याला मान द्यायचा, खाली बसायचं. कुणाचं काही बिघडत नव्हतं. बाबांचं तर आता मुळीच नाही. इंग्रजीत बोलायचं ठरलं होतं, आणि मला इंग्रजी फार चांगलं येतं.

मी माइक थोडा खाली घेतला. समोर विभागप्रमुख वही उघडून, पेन काढून बसले होते. मावशी माझ्या बाह्यांकडे बघत होत्या.

"सर म्हणाले त्यातलं माझे वडील काही नव्हते," मी मराठीत म्हणाले. "ते शिंपी होते. खाली, औषधांच्या दुकानाशेजारी, त्यांचं दुकान आहे. एक खोली, दोन मशीन. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या अंगावर आत्ता त्यांनी शिवलेलं आहे. माझ्याही."

मी विभागप्रमुखांकडे वळले.

"त्यांनी जायच्या आदल्या दिवशी मला विचारलं होतं, इथं उभं राहून स्वतःला काय म्हणू. मी म्हणाले, टेलर म्हणू नका. त्यांना वाटलं, टेलर हा सोपा शब्द आहे म्हणून मी तसं म्हणते. किंवा तसं वाटलं असं त्यांनी दाखवलं. ते कारण नव्हतं. मी शाळेपासून आजपर्यंत हे कुणाला सांगितलेलं नाही, त्यांना तर नाहीच. माझे वडील शिंपी आहेत याची मला लाज वाटायची."